कामाच्या गर्दीत प्रार्थनेची घडी : संत जोसेफ वाझ



आपल्या कोळीवाड्यातला दिवस घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर सुरू होतो. उधाणाचे दिवस असले की रात्री-अपरात्री होड्या सुटतात. आपल्या भगिनी काळोखातच माल आणायला धक्क्यावर पोहोचतात आणि तिथून पाटी घेऊन बाजारात बसतात. ज्यांनी होडी सोडून नोकरी धरली त्यांनाही उसंत नाही. बस, लोकल, ऑफिस, पुन्हा लोकल, पुन्हा बस. घरी आल्यावर मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे, उद्याची तयारी. रात्री जपमाळ हातात घ्यावी तर दुसऱ्या रहस्यावरच डोळा लागतो.

अशा जीवनात रोज शांत बसून मनन-चिंतन करणे कसे जमायचे? हे काम फादर-सिस्टरांचे, आपण रविवारी मिस्साला आलो म्हणजे झाले, अशी आपण मनाची समजूत घालतो. पण मनात कुठेतरी रुखरुख राहतेच. म्हणून आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊ या, ज्याच्यामागे कामाचा डोंगर होता, ज्याला धड राहायला घर नव्हते, जो वर्षानुवर्षे चालतच राहिला, आणि तरीही ज्याची प्रार्थना सुटली नाही. ते म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्याचे सुपुत्र, संत जोसेफ वाझ.

बाणावलीचा मुलगा

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील साष्टी भागात, बाणावली या गावी, आईच्या माहेरी झाला. वडील ख्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळ गावचे, आई मारिया दे मिरांडा. घरची बोली कोकणी, घरचे वातावरण भक्तिमय. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून झाल्यावर हुशार जोसेफला पुढील शिक्षणासाठी गोवा शहरात पाठवण्यात आले. तेथे येशूसंघीयांच्या सेंट पॉल कॉलेजमध्ये आणि नंतर डॉमिनिकन धर्मगुरूंच्या विद्यालयात त्यांनी अभ्यास केला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा मिळाल्यावर या तरुण फादरांनी गरिबांसारखे अनवाणी चालण्यास सुरुवात केली. प्रवचनकार आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांचे नाव लवकरच सर्वत्र झाले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिन शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक कागद लिहून त्यावर सही केली. त्या कागदाद्वारे त्यांनी स्वतःला कायमचे पवित्र मरियेचे दास करून घेतले.

हा प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. फादर तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते. लोक स्तुती करत होते, कामे वाढत होती. नेमक्या अशा वेळी त्यांनी आपण कोणाचे आहोत हे एकदाच लिहून पक्के करून टाकले. पुढच्या आयुष्यात गोंधळाचे प्रसंग पुष्कळ आले, पण हा प्रश्न पुन्हा सोडवत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

कानडा प्रांतातली धावपळ

१६८१ साली त्यांना कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या मंगळूर-कुंदापूर किनाऱ्यावर, मुख्य धर्मगुरू म्हणून पाठवण्यात आले. तेथील ख्रिस्ती लोक विखुरलेले होते. कित्येक ठिकाणी देऊळ नव्हते, साक्रामेंते द्यायला धर्मगुरू नव्हते. फादर वाझ गावोगाव चालत गेले. त्यांनी मुलांना बाप्तिस्मा दिला, लोकांची पापनिवेदने ऐकली, शाळा उघडल्या, देवळे उभी केली.

पण कामाचा खरा शीण चालण्याचा नव्हता. त्या काळी या प्रांतावर अधिकार कोणाचा याबद्दल मोठा वाद चालू होता. पोर्तुगालच्या राजाकडे असलेल्या पाद्रोआदो अधिकारातून नेमलेले धर्मगुरू एकीकडे आणि रोमहून नेमलेले बिशप दुसरीकडे. फादर वाझ यांना या दोघांच्या मध्ये उभे राहून शांतता राखावी लागली. बंधूभगिनींनो, शरीराचा थकवा झोपेने जातो, भांडणाचा थकवा झोपेने जात नाही. सोसायटीची मीटिंग, घरच्या जागेचा वाद किंवा कामावरचे राजकारण ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१६८४ मध्ये ते गोव्यास परतले. त्यांनी आता काय करावे? मोठे पद मागावे? घरी विश्रांती घ्यावी? त्यांनी वेगळाच मार्ग निवडला.

टेकडीवरचे शांत घर

ओल्ड गोव्यात एका टेकडीवर चमत्काराच्या पवित्र क्रूसाचे चर्च होते. तेथे काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगू पाहत होते. त्या काळच्या युरोपीय संघांमध्ये आपल्या देशाच्या धर्मगुरूंना सहसा प्रवेश मिळत नसे. त्यामुळे या मंडळींना ना नियम होते, ना मार्गदर्शक. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर वाझ त्यांच्यात सामील झाले. लवकरच त्यांनाच प्रमुख निवडण्यात आले. त्यांनी या लहानशा घराला संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीचे रूप दिले.

संत फिलिप नेरी हे सोळाव्या शतकातले रोमचे धर्मगुरू. ऑरेटरी म्हणजे प्रार्थनेची जागा. फिलिप यांच्या खोलीत संध्याकाळी जमत ते फक्त धर्मगुरू नव्हते. दुकानदार, कारागीर, दरबारी नोकर, असे संसारी आणि कामकरी लोकही त्यांत होते. दिवसाचे काम आटोपून ते यायचे, थोडे वाचन व्हायचे, थोडे बोलणे, थोडे गाणे, मग शांत प्रार्थना. १५७५ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी या मंडळाला मान्यता दिली. दररोज अर्धा तास मौनात मानसिक प्रार्थना करणे हा ऑरेटरीच्या जीवनाचा कणा ठरला.

मानसिक प्रार्थना हा शब्द मोठा वाटतो, पण गोष्ट सोपी आहे. आपण देवासमोर आहोत याची आठवण करायची. शुभवर्तमानातला एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. त्यात येशू काय करतो ते पाहायचे. मग मनात येईल ते त्याच्याशी बोलायचे आणि शेवटी त्या दिवसासाठी एखादी लहान गोष्ट ठरवायची. फादर वाझ यांनी ही सवय त्या टेकडीवर एकट्याने नव्हे, तर घरच्या सर्वांबरोबर, एका ठराविक वेळी जोपासली.

एक गोष्ट लक्षात घ्या. कानड्यात काम फार झाले तेव्हा त्यांनी प्रार्थना कमी केली नाही. उलट प्रार्थनेसाठी आधी घर बांधले, मग पुढच्या कामाकडे पाहिले. विहीर आटत चालली तर आपण पाणी जास्त वेगाने उपसत नाही, झरा मोकळा करतो.

गळ्यातील जपमाळ

फादर वाझ यांना त्या शांत घरात आयुष्य काढता आले असते. पण त्यांचे लक्ष सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे लागले होते. डच लोकांनी पोर्तुगिजांकडून तेथील किनारा जिंकून घेतला होता. १६५८ साली जाफना पडले. त्यानंतर कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून देण्यात आले व कॅथलिक उपासनेला बंदी घालण्यात आली. हजारो ख्रिस्ती कुटुंबे मिस्साविना राहिली.

१६८६ साली फादर वाझ गोव्याहून निघाले. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. ते तुतिकोरीनला पोहोचले. तेथील परवा लोक आपल्यासारखेच समुद्रावर जगणारे, मोती आणि मासळीवर पोट भरणारे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली याच लोकांमध्ये येऊन राहिले होते. फादर वाझ यांनी झगा उतरवला, मजुराचा वेष घेतला आणि होडीने समुद्र ओलांडला. १६८७ साली ते जाफन्यास पोहोचले तेव्हा ते आमांशाने इतके आजारी होते की उभे राहण्याची ताकद नव्हती. परक्या मुलुखात दोघे रस्त्याच्या कडेला पडून होते. लोकांच्या दयेवर, पेज पिऊन, ते वाचले.

आता त्यांच्याजवळ काय होते? देऊळ नाही, वेदी नाही, ऑरेटरीची घंटा नाही, बरोबर बसून प्रार्थना करणारे बंधू नाहीत. एक जपमाळ होती. ती गळ्यात घालून ते भिकाऱ्याच्या वेषात दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा उजळतो, कोणाची नजर बदलते, यावरून कॅथलिक घर कोणते हे ते ओळखत. अशा रीतीने लपलेले ख्रिस्ती लोक सापडू लागले. मग रात्रीचे काम सुरू झाले. रात्री पापनिवेदन, रात्री बाप्तिस्मा, उजाडण्यापूर्वी मिस्सा आणि दिवस वर येण्याआधी पुन्हा मजुराचा वेष.

बंधूभगिनींनो, जपमाळ म्हणजे केवळ ठराविक प्रार्थनांची मोजदाद नव्हे, ते चालता-चालता करायचे मनन आहे. प्रत्येक रहस्यात येशूच्या जीवनातला एक प्रसंग असतो. फादर वाझ यांच्या काळी पंधरा रहस्ये होती. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली. ज्याला बसायला जागा नाही, ज्याच्या हाती पुस्तक नाही, ज्याला दिव्याचा उजेडही धोक्याचा आहे, त्यालाही या मण्यांवर चिंतन करता येते. जाफन्याच्या दिवसांत फादर वाझ यांना जगवले ते बहुधा यानेच.

तुरुंगातील दिनचर्या

जाफन्यात छळ वाढला तेव्हा ते पुत्तलमकडे सरकले आणि १६९२ साली बेटाच्या मध्यभागी असलेल्या कँडी राज्यात गेले. तेथे बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा राज्य करत होता. पण हे पोर्तुगिजांचे हेर आहेत असे कोणीतरी राजाच्या कानावर घातले आणि फादर वाझ व जॉन यांना कैदेत टाकण्यात आले.

आजवर वेळ नव्हता, आता वेळच वेळ होता. पण रिकामा वेळ मिळाला की प्रार्थना आपोआप होते असे नाही. सुट्टीच्या दिवशी आपले काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे. आठवडाभर वेळ नाही म्हणणारे आपण सुट्टीचा पूर्ण दिवस टीव्ही आणि मोबाईलमध्ये घालवतो. फादर वाझ यांनी कैदेलाही शिस्त लावली. प्रार्थनेला वेळ ठेवला, अभ्यासालाही वेळ ठेवला. ते तेथेच सिंहली भाषा शिकले. पहारा थोडा सैल झाल्यावर त्यांनी साधी वेदी मांडली. पुढे झोपडीवजा देऊळ उभे राहिले आणि कित्येक वर्षांत धर्मगुरू न पाहिलेले कँडीचे कॅथलिक मिस्साला जमू लागले. हा माणूस हेर नाही हे राजालाही हळूहळू पटले आणि फादरांना मोकळीक मिळाली.

१६९६ साली कँडीत मोठा दुष्काळ पडला. पाऊस येईना. परंपरा अशी सांगते की राजाने फादर वाझ यांना प्रार्थना करायला सांगितले. चौकात वेदी व क्रूस उभारून त्यांनी प्रार्थना केली आणि भरपूर पाऊस पडला. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात कोठेही फिरून सेवा करण्याची परवानगी दिली. आपण हा चमत्कार आनंदाने ऐकतो. पण चौकातल्या त्या प्रार्थनेमागे रोजची, कोणी न पाहिलेली प्रार्थना होती, हे विसरू नये.

देवीची साथ

दुसऱ्या वर्षी, १६९७ मध्ये, कँडीत देवीच्या रोगाची साथ आली. त्या काळी यावर औषध नव्हते, लसही नव्हती. राजा आणि सधन लोक शहर सोडून गेले. आजाऱ्यांना त्यांचेच नातेवाईक टाकून पळू लागले. अशा वेळी फादर वाझ आणि गोव्याहून येऊन पोहोचलेले त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हाल्यो शहरातच राहिले. रोग्यांना शोधून काढणे, त्यांना अन्न भरवणे, जखमा धुणे, मरणाऱ्यांजवळ बसणे, प्रेते पुरणे, ही कामे दोघांनी केली. धर्म कोणता हे त्यांनी विचारले नाही.

२०२० सालची टाळेबंदी आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. मार्चच्या अखेरीस आपला कोळीवाडा बंद झाला होता. रोगाची भीती काय असते, दारे कशी बंद होतात, आणि अशा वेळी कोणी जेवणाचा डबा आणून दिला तर काय वाटते, हे आपण जाणतो. म्हणून कँडीतील त्या दिवसांची किंमत आपल्याला कळते. भीती सर्वांनाच वाटते. पण रोज थोडा वेळ ख्रिस्ताच्या दुःखसहनाकडे पाहणाऱ्याला समोरच्या रोग्याकडे पाहायला तेवढा त्रास होत नाही. रोज मननात जे पाहिले, तेच आता त्यांच्यापुढे पडलेले होते.

पुढच्या वर्षांत गोव्याहून आणखी ऑरेटोरियन धर्मगुरू आले. १७०५ साली फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत धार्मिक साहित्य निर्माण केले. टेकडीवरच्या त्या शांत घराने संपूर्ण बेटाची ख्रिस्तसभा पुन्हा उभी केली.

जवळजवळ २४ वर्षे सिलोनमध्ये झिजल्यावर, १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी फादर वाझ कँडी येथे प्रभूकडे गेले. अखेरच्या क्षणी सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे शेवटचा उपदेश मागितला. जन्मभर ज्याकडे दुर्लक्ष केले ते मरणाच्या वेळी सहजासहजी करता येत नाही, याची त्यांनी सर्वांना आठवण करून दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्य म्हणून घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथेच त्यांना संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीला असतो.

आपण काय करावे?

संतांचे जीवन ऐकून आपण भारावतो आणि मोठमोठे संकल्प करतो. उपवासकाळात रोज एक तास प्रार्थना करायची ठरवतो आणि दुसऱ्या आठवड्यात सगळे सुटते. फादर वाझ यांच्या जीवनातून दिसणारी वाट याहून साधी आहे.

पहिली गोष्ट, वेळ ठरवून घ्यावी. उरलेला वेळ देवाला द्यायचा म्हटले तर वेळ उरतच नाही. दहा मिनिटे पुरे, पण रोज. ज्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो त्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, कामाची खूण धरावी. होडी नांगरल्यावर घरी जाण्याआधी, चहाचे आधण ठेवल्यावर, बाजारातून पाटी खाली ठेवल्यावर, अशी ज्याची त्याची खूण असावी. खूण रोज येते, म्हणून प्रार्थनाही रोज येते.

दुसरी गोष्ट, हातातल्या कामाला प्रार्थना जोडावी. जाळी विणताना, कोलंबी सोलताना, बसच्या रांगेत, हात गुंतलेले असतात, मन मोकळे असते. तेवढ्यात एका रहस्याचे चिंतन होते. मात्र ही प्रार्थना त्या दहा मिनिटांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही. दोघांचे आयुष्य एका घरात जाते, म्हणून नवरा-बायकोने समोरासमोर बसून बोलायचेच नाही असे होत नाही.

तिसरी गोष्ट, सोबत धरावी. एकट्याची सवय मोडते, चौघांची टिकते. घरच्या मंडळींनी रात्री जेवणाआधी पाच मिनिटे एकत्र शांत बसावे. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आठवड्यातून एकदा जमावे. आपली लहान ख्रिस्ती समूहांची सभा यासाठीच आहे.

चौथी गोष्ट, वाईट दिवसांत प्रार्थना लहान करावी, पण बंद करू नये. आजारपण असेल, घरात मयत झाली असेल, मासळी मिळत नसेल, नोकरी गेली असेल, तर अशा वेळी दहा मिनिटे जमत नाहीत. तेव्हा एक मणी हातात धरावा. रस्त्याच्या कडेला आमांशाने पडलेल्या फादर वाझ यांच्याजवळही तेवढेच होते.

आणि शेवटची गोष्ट. मन लागले नाही म्हणून उठून जाऊ नये. बसले की घरभाडे आठवते, मुलाची फी आठवते, शेजाऱ्याचे बोलणे आठवते. हे सर्वांनाच होते. जे आठवते तेच देवापुढे ठेवावे आणि पुन्हा त्या प्रसंगाकडे वळावे. जाळ्यात दरवेळी मासळी येत नाही, तरी तांडेल जाळे टाकायचे सोडत नाही.

आपला प्रभू येशूही दिवसभर गर्दीत असायचा. आजारी लोक, भुकेले लोक, प्रश्न विचारणारे लोक त्याच्याभोवती असत. तरी तो पहाटे उठून एकांतात जाऊन पित्याशी बोलत असे. त्याचे पहिले शिष्य मासे धरणारे होते. म्हणजे आपल्यासारख्या लोकांना प्रार्थना जमणार नाही असे त्याला तरी वाटले नव्हते.

या आठवड्यात प्रत्येकाने आपली एक खूण निवडावी आणि सात दिवस पाळून पाहावी. पुढच्या रविवारी मिस्साला येताना सात दिवसांतले कितीही दिवस साधले असोत, ते वेदीपाशी आणावेत. संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती कर.